संदर्भ क्रमांक चार

मागच्या पावसाळ्यात एका रात्री, तासभर गेलेली वीज परत आल्यावर, मी मराठी विकिपीडियावर आमच्याच तालुक्यातल्या एका धनिकाचे चरित्र वाचत बसलो होतो, आणि तिसऱ्या परिच्छेदात मला माझेच वाक्य भेटले. ‘सचोटी आणि दूरदृष्टी यांचा मिलाफ असलेले हे व्यक्तिमत्त्व गोव्याच्या अर्थजीवनातील दीपस्तंभ ठरले आहे.’ वाक्य वाईट आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होते. मूळ हस्तलिखितात मी ‘आग्वादच्या दीपस्तंभाप्रमाणे’ असे लिहिले होते आणि संपादकांनी आग्वाद काढून दीपस्तंभ तेवढा ठेवला होता. त्या वाक्याच्या शेवटी चौकोनी कंसात चारचा आकडा होता. त्यावर बोट टेकवले तेव्हा पान सरकून तळाशी गेले आणि तिथे माझे नाव, माझ्या लेखाचे शीर्षक, गौरवअंकाचे नाव आणि पृष्ठक्रमांक असे सगळे शिस्तीत मांडलेले दिसले. चाळीस वर्षांच्या लेखनात माझा इतका व्यवस्थित संदर्भ दुसऱ्या कोणी दिल्याचे मला आठवत नाही.

तो गौरवअंक शेटच्या एकसष्टीचा. शेट म्हणजे आमच्या भागातले फायनान्सवाले. त्यांचे नाव इथे लिहीत नाही, कारण मला जे सांगायचे आहे त्यासाठी त्याची गरज नाही. सत्कार समितीचे दोघे माझ्या घरी आले होते. मी तेव्हा उच्च माध्यमिकात मराठी शिकवत होतो आणि गावात कुणाची एकसष्टी, कुणाच्या देवळाचा जीर्णोद्धार, कुणाच्या दुकानाची पन्नाशी असली की लेखासाठी माझ्याकडे येण्याचा रिवाज पडून गेला होता. त्या काळात शेटच्या वित्तसंस्थेच्या दारात ठेवीदार रोज सकाळी येऊन उभे राहत. मुदत संपलेल्या ठेवी परत मिळत नव्हत्या. याची बातमी एका दैनिकात आली होती, आणि बातमी नसती आली तरी मला ते ठाऊक होतेच, कारण त्या रांगेत माझी मावशी होती. समितीतले एकजण चहा पिता पिता म्हणाले, “मास्तर, तें सोडून बरयात.” मी ते सोडून लिहिले. शाल, श्रीफळ आणि पाकीट मिळाले. पाकिटात दोन हजार रुपये होते.

गौरवअंकाबद्दल मला आजही फारशी लाज वाटत नाही. मुखपृष्ठावर शेटचा फोटो, आत शेटच्याच संस्थांच्या जाहिराती, शेवटच्या पानावर सत्कार समितीची नावे. तो अंक हातात घेणाऱ्याला तो कोणी, कशासाठी आणि कुणाच्या पैशाने काढला हे पहिल्याच नजरेत कळते, आणि तो त्यातल्या दीपस्तंभाची किंमत त्याप्रमाणे करतो. आमच्याकडच्या देवळांत पायरीवरच्या संगमरवरावर देणगीदाराचे नाव कोरलेले असते. ती पायरी चढणारा कोणीही त्या कोरीव अक्षरांना निःपक्ष इतिहास समजत नाही. पण तेच वाक्य गौरवअंकातून उचलून ज्ञानकोशात ठेवले की त्याचा फोटो जातो, जाहिराती जातात, समिती जाते आणि उरतो फक्त चारचा आकडा.

मी त्या पानाच्या ‘इतिहास पहा’ वर गेलो, जिथे पानात झालेला प्रत्येक बदल नोंदलेला असतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि निवृत्तीनंतर मी त्यावर अधूनमधून किरकोळ कामे करतो. गोव्यातल्या नद्यांची, देवळांची, जुन्या नाटककारांची पाने नीट करणे, ऱ्हस्व-दीर्घ पाहणे, असली. तिथल्या माणसांनी घडवलेले शब्द मला मनापासून आवडतात. सरावाच्या पानाला तिथे ‘धूळपाटी’ म्हणतात, सगळ्यांनी बसून बोलण्याच्या जागेला ‘चावडी’, आणि कोणी किरकोळ दुरुस्ती केली तर इतिहासात तिच्यापुढे ‘छो’ असे अक्षर पडते, म्हणजे छोटा बदल. शेटच्या पानाच्या इतिहासात मला ओळीने अकरा ‘छो’ दिसले.

त्या रात्री मी ते अकराही बदल एकेक उघडून पाहिले. पडद्यावर डावीकडे जुना मजकूर आणि उजवीकडे नवा, असे दोन रकाने येतात आणि फरक पडलेले शब्द रंगाने उठून दिसतात. पान मुळात कोणी तयार केले होते ते ठाऊक नाही, पण त्याने काम प्रामाणिकपणे केले होते. जन्म, शिक्षण, व्यवसाय आणि मग ‘ठेवीदारांचे आंदोलन’ या मथळ्याखाली दैनिकातल्या बातमीचा दुवा देऊन सहा-सात वाक्ये. तीन आठवड्यांत त्या मथळ्याचे आधी ‘वाद’ झाले, मग ‘आव्हाने’ झाले. मग ‘आव्हाने’ हा मथळाच गेला आणि त्याखालचा मजकूर ‘कारकीर्द’ या मोठ्या विभागाच्या शेपटाला जोडला गेला, जिथे त्याच्या वर शाळेला दिलेली देणगी होती आणि खाली मंदिराच्या सभामंडपाचे उद्घाटन. पुढच्या बदलात बातमीचा दुवा काढला, कारण तो ‘चालत नाही’, आणि हे खरेही होते, कारण त्या दैनिकाने मधल्या काळात आपले संकेतस्थळ बदलले होते. दुवा गेल्यावर त्या वाक्यांपुढे नियमाप्रमाणे ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लागली. आठ दिवसांनी, संदर्भ नाही म्हणून, नियमाप्रमाणेच, ती वाक्ये उडवली गेली. शेवटच्या बदलासमोर लाल अक्षरांत उणे १,८४२ बाइट असा आकडा होता, बदलाच्या सारांशात ‘शुद्धलेखन’ असे लिहिलेले होते, आणि अर्थातच ‘छो’. देवनागरीचे एकेक चिन्ह संगणकात तीन बाइट घेते, म्हणजे सहाशेच्या आसपास चिन्हे गेली. एवढे शुद्धलेखन मी बोर्डाच्या उत्तरपत्रिकांतही कधी एका फटक्यात केले नव्हते.

पण मला सर्वांत जास्त वेळ अडकवून ठेवले ते मधल्या एका बदलाने, कारण ते माझ्या धंद्यातले होते. मूळ वाक्य असे होते: ‘संस्थेने मुदत संपलेल्या ठेवी परत केल्या नाहीत.’ पहिल्या दुरुस्तीत ते ‘ठेवी परत मिळण्यास विलंब झाला’ असे झाले. दुसऱ्या दुरुस्तीत ‘विलंबाची परिस्थिती उद्भवली’. दहावीच्या मुलांना मी वर्षानुवर्षे कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवले. वाक्यातला कर्ता कोण, असे विचारले की मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा शोधून सांगत असे. या वाक्यात आधी संस्था होती, मग ठेवी होत्या, मग नुसती परिस्थिती उरली, आणि परिस्थिती तर पावसासारखी कोणीही न आणता येते. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. विलंब झाला होताच. हे काम करणाऱ्याला मराठी उत्तम येत होते, आणि तो माझा विद्यार्थी असण्याची शक्यता मला नाकारता येईना.

बदल करणारी सदस्यनावे दोन होती आणि दोन्ही एकाच दिवशी उघडलेली. एकाने शेटच्या पानाखेरीज म्हादई नदीच्या पानावर एक स्वल्पविराम घातला होता, दुसऱ्याने मंगेशीच्या देवळाच्या पानावर एक पूर्णविराम. नवा माणूस एकाच पानावर घुटमळताना दिसू नये म्हणून आधी चार जागी हजेरी लावायची, ही पद्धत.

आपले पान आपणच धुऊन घेण्याच्या या पद्धतीला मोठा पूर्वेतिहास आहे आणि त्याची सुरुवात, गंमत म्हणजे, घरातूनच झाली. विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःच्याच चरित्रात बदल केले होते आणि सहसंस्थापक म्हणून लॅरी सँगर यांचा उल्लेख काढला होता, हे २००५ च्या डिसेंबरात उघड झाले, आणि हे आपण करायला नको होते, असे त्यांना म्हणावे लागले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या मार्टी मीहान या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाने त्यांचे पान पुसून तिथे अधिकृत चरित्र चिकटवल्याची बातमी आली. २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या तरुणाने निनावी बदलांचे अंकपत्ते, म्हणजे ते ज्या संगणकांवरून झाले त्यांचे आयपी पत्ते, कोणत्या संस्थांच्या नावावर आहेत हे जुळवून दाखवणारे एक साधन केले आणि मतदानयंत्रे बनवणाऱ्या कंपनीपासून सीआयएपर्यंतच्या संगणकांवरून काय काय सुधारले गेले होते ते जगाला दिसले. त्यानंतर शहाण्यांनी आपल्या कार्यालयातून हे काम करणे सोडले आणि ते बाहेर द्यायला सुरुवात केली. २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने एका जनसंपर्क कंपनीशी जोडलेली अडीचशेहून अधिक सदस्यखाती बंद केली. २०१५ मध्ये दुसऱ्या एका टोळीची ३८१ खाती बंद झाली आणि त्यांनी तयार केलेले २१० लेख काढून टाकावे लागले. या टोळीचा धंदा असा होता की ज्यांचे लेख नाकारले गेले त्यांना गाठायचे, पैसे घेऊन लेख चढवून द्यायचा, आणि पुढे तो टिकवण्यासाठीही दरमहा पैसे मागायचे. आपल्या देशातले उदाहरण याहून बोचणारे आहे. एका व्यवस्थापन-शिक्षण संस्थेच्या पानावरची टीका वर्षानुवर्षे पुसणारा माणूस इंग्रजी विकिपीडियाचा साधा सदस्य नव्हता, प्रचालक होता, म्हणजे चावडीवरचा पाटीलच म्हणा. २०१५ च्या फेब्रुवारीत त्याला हाकलले, तोवर प्रवेशाच्या मोसमात किती आईबापांनी ते पान वाचले असेल, याचा हिशेब एका शिक्षकाच्या मनात आपोआप सुरू होतो.

पण शेटचे पान वाचताना मला सारखा आठवत होता तो जेफ्री एपस्टीन. गुन्ह्यांची तुलना नाही, ती करणे अन्यायाचे होईल. मला आठवत होती ती कारागिरी. न्यूयॉर्कचा हा धनाढ्य वित्तव्यावसायिक २००८ मध्ये फ्लोरिडात अल्पवयीन मुलीशी संबंधित गुन्ह्याची कबुली देऊन तुरुंगात गेला. सुटून आल्यावर त्याने आपली आंतरजालावरची ओळख धुऊन काढायला माणसे लावली. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या कागदपत्रांत २०१० सालचे एक ईमेल आहे, ज्यात त्याचा एक सहकारी त्याला कळवतो की विकिपीडियावरचे पान आता बरेच सौम्य झाले आहे, वाईट भाग दबला आहे आणि पोलिसांनी काढलेल्या फोटोच्या जागी दुसरा फोटो आला आहे. आणि २०१९ मध्ये, त्याला दुसऱ्यांदा अटक झाल्यावर, न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिले की त्याला विज्ञानाचा उदार आश्रयदाता म्हणून रंगवणारे लेख फोर्ब्स, नॅशनल रिव्ह्यू आणि हफपोस्ट यांच्या संकेतस्थळांवर आले होते. त्यातल्या फोर्ब्सच्या लेखावर ज्याचे नाव होते त्याने तो लिहिलाच नव्हता, जनसंपर्कवाल्यांनी दिलेला मजकूर स्वतःच्या नावाने चढवण्याचे त्याला ६०० डॉलर मिळाले होते. तिन्ही ठिकाणांहून ते लेख नंतर काढले गेले.

त्या सहाशे डॉलरांपाशी मी थांबतो. विकिपीडियावर आपल्या मनातले लिहून चालत नाही, प्रत्येक विधानाला बाहेरचा, स्वतंत्र, छापील किंवा निदान संपादित आधार लागतो. नियम चांगला आहे. पण ज्याच्याकडे पैसा आहे तो ज्ञानकोशाच्या दारात धक्काबुक्की करत बसत नाही, तो एक गल्ली मागे जाऊन आधार विकत घेतो. लेख आधी छापून येतो, मग दुसराच कोणी, कदाचित अगदी सद्भावनेने, तो लेख पाहून पान लिहितो, आणि पानाच्या तळाशी एक आकडा वाढतो. त्या गल्लीत मी दोन हजार रुपयांना उभा होतो. माझ्याकडून आधार घ्यायला कोणी आले आहे हे मला कळले नव्हते, एवढाच माझा बचाव, आणि मावशी रांगेत उभी असताना तो फार टिकत नाही.

इथे दुसरी बाजूही आहे आणि ती लहान नाही. ज्याच्यावर पान आहे त्याने त्या पानाबद्दल तोंडच उघडू नये, असे कोणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूचा नाही. २००५ मध्ये जॉन सीगनथेलर या वयोवृद्ध अमेरिकी पत्रकाराच्या पानावर कोणीतरी केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडणारी थाप लिहिली आणि ती चार महिने तशीच राहिली. जिवंत माणसांच्या चरित्रांबाबत विकिपीडियाने नंतर जे कडक नियम केले त्यांच्या मागे हे प्रकरण होते. चुकीची तारीख, खोटा आरोप, घरच्यांची नको ती माहिती, हे काढा म्हणण्याचा हक्क माणसाला असलाच पाहिजे. त्यासाठी प्रत्येक पानामागे चर्चा पान असते. मी अमुक, माझा या माणसाशी संबंध अमुक, आणि माझे म्हणणे असे, एवढे तिथे लिहिले की बाकीचे ज्यांचा संबंध नाही ते पाहून घेतात. २०१४ च्या जूनपासून तर पैसे घेऊन काम करणाऱ्याने मालक कोण, ग्राहक कोण हे उघड करणे ही वापराची अटच आहे. शेटच्या माणसांना चर्चा पानावर लिहिता आले असते की ठेवींपैकी इतक्या पुढे परत केल्या, हा त्याचा कागद, हेही पानावर घाला. काही ठेवी खरोखरच परत झाल्या होत्या. ते वाक्य पानावर येणे रास्त ठरले असते, आणि त्यासाठी आधीचे वाक्य मारावे लागले नसते.

वाईच्या मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचे नाव असते. ते वाचून आपण मनात ठरवू शकतो की या गृहस्थांचे यात काही आहे का. विकिपीडियावर ते नाव पानावर नसते, इतिहासात असते, आणि इतिहास कोणी उघडत नाही. गोव्यात जमीन घेताना मात्र आम्ही उलटे वागतो. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर आज कोणाचे नाव आहे एवढे पाहून कोणी बयाणा देत नाही. वकील म्युटेशनचे, म्हणजे मालकीच्या फेरफारांचे, क्रमांक काढतो, त्यामागचे पोर्तुगीज काळातले कागद मागवतो, ते वाचणारा म्हातारा शोधतो, कुळाच्या रकान्यातले नाव कधी आले आणि कधी गेले ते विचारतो. कारण तिथे आपला पैसा अडकायचा असतो. माझ्या मावशीने ठेव ठेवली तेव्हा आंतरजाल नव्हते. आज तिच्यासारखी कोणी शेटच्या मुलाच्या नव्या संस्थेत पैसे ठेवण्याआधी फोनवर शेटचे नाव टाकून पाहील, आणि तिला दीपस्तंभ दिसेल.

पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात दोन सकाळी घालवल्यावर ती बातमी सापडली. बांधीव खंडातला कागद कडेला तपकिरी झाला होता, बातमी पाचव्या पानावर एका स्तंभात, वर सिनेमाची जाहिरात. दुवा मेला होता, बातमी जिवंत होती. दैनिक, दिनांक, पृष्ठ आणि स्तंभ मी वहीत उतरवून घेतले. छापील कागदाचा संदर्भ द्यायला दुवा लागत नाही, हे ते उडवणाऱ्यालाही ठाऊक असणार.

घरी आल्यावर माझा हात थेट ‘संपादन’ कडे गेला होता. परिच्छेद परत घालायचा, दीपस्तंभ पाडायचा, पाच मिनिटांचे काम. मग लक्षात आले की या पानावर हात घालण्याचा अधिकार ज्यांना सर्वांत कमी आहे त्यांत मीही आहे. म्हणून चर्चा पान उघडले आणि लिहिले: ‘संदर्भ क्रमांक ४ या लेखाचा लेखक मीच आहे. तो लेख सत्कार समितीच्या सांगण्यावरून, २,००० रुपये मानधन घेऊन लिहिला होता आणि ठेवीदारांचा विषय त्यातून जाणूनबुजून वगळला होता. तो स्वतंत्र आधार म्हणून धरू नये. वगळलेल्या मजकुराचा छापील संदर्भ खाली देत आहे. पानात बदल करायचा की नाही, हे ज्यांचा संबंध नाही अशा सदस्यांनी ठरवावे.’

दोन दिवस काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी दूरच्या कुठल्यातरी शहरातल्या एका सदस्याने दीपस्तंभाचे वाक्य काढले, परिच्छेद परत घातला, ‘परत केल्या नाहीत’ हे क्रियापदही परत आणले, आणि माझ्या नोंदीखाली दोन शब्दांत धन्यवाद लिहिले. त्याच संध्याकाळी फोन आला. शेटच्या मुलाच्या कार्यालयातली मुलगी होती, आवाजावरून पंचविशीतली, अतिशय अदबीने बोलणारी. “मास्तर, तें तुमीच बरयलां न्हय?” असे तिने विचारले तेव्हा तिला चर्चा पान म्हणायचे आहे की गौरवअंक, हे मला क्षणभर कळले नाही. दोन्ही मीच लिहिले, असे मी सांगितले. थोडे थांबून ती म्हणाली, “पूण तुमची मावशी आसली न्हय थंय? लोक म्हणटले, मास्तरान राग काडलो.” आमच्या तालुक्यात कोणाची मावशी कोण आणि तिची ठेव कुठे, हे आंतरजालावर शोधावे लागत नाही.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बाहेर पडवीत बसलो. मुलीने धमकी दिली नव्हती, चुकीचेही काही बोलली नव्हती. पैसे घेतल्याचे मी मोठ्या शौर्याने लिहिले होते, कारण त्याने माझी कबुली शोभून दिसत होती. मावशीचे लिहिले नव्हते, कारण ते लिहिले की माझ्या पुराव्याचे वजन घटते. वगळताना मला काही वाटलेही नव्हते. समितीतल्या माणसाने चहा पिता पिता सांगितले तेव्हाही वाटले नव्हते.

रात्री जेवण झाल्यावर पुन्हा चर्चा पान उघडले आणि माझ्या जुन्या नोंदीखाली एक वाक्य वाढवले: ‘माझ्या मावशीची ठेव या संस्थेत होती आणि ती तिला हयातीत परत मिळाली नाही, हेही लक्षात घ्यावे.’ सारांशाच्या चौकटीत ‘माझा दुसरा हितसंबंध’ असे लिहिले. खालच्या ‘हा एक छोटा बदल आहे’ या चौकटीत सवयीने खूण करायला गेलेला हात मागे घेतला आणि पान जतन केले.